घरचा प्रतिस्पर्धी संपवून जग जिंकता येत नाही

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या व्यापार-उद्योग मंत्रालयाला एका गोष्टीची धास्ती होती. आयातीवरचे निर्बंध उठण्याची वेळ जवळ येत होती, आणि अमेरिकेच्या बलाढ्य मोटार कंपन्यांपुढे आपल्या चिमुकल्या कंपन्यांचा टिकाव लागणार नाही, असे तिथल्या अधिकाऱ्यांना मनापासून वाटत होते. त्यांनी काढलेला तोडगा वरवर पाहता शहाणपणाचाच होता. डझनभर कंपन्यांनी आपसात झुंजून शक्ती वाया घालवण्यापेक्षा त्यांचे तीन गट पाडायचे, कोणी कोणत्या प्रकारच्या गाड्या बनवायच्या ते ठरवून द्यायचे आणि नव्या कंपन्यांना या धंद्यात पाऊल टाकू द्यायचे नाही. अशा पुनर्रचनेला कायद्याचे बळ देणारे विधेयक १९६३ मध्ये संसदेत आले.

सोइचिरो होंडा यांनी या योजनेला कडाडून विरोध केला. त्यांची कंपनी तेव्हा मोटारसायकली बनवत होती आणि चारचाकीत उतरण्याची तिची तयारी चालू होती. विधेयक मंजूर झाले असते तर ते दार कायमचे बंद झाले असते. म्हणून कंपनीने घाई करून त्याच वर्षी टी-३६० हा छोटा ट्रक आणि एस-५०० ही स्पोर्ट्‌स कार बाजारात आणली. विधेयक पुढे बारगळले. १९७० मध्ये अमेरिकेने मोटारींच्या धुरावर कडक मर्यादा घातल्या. तिथल्या मोठ्या कंपन्या 'एवढ्या मुदतीत हे शक्य नाही' म्हणून सरकारकडे गाऱ्हाणी मांडत होत्या, तेव्हा त्या मर्यादेत बसणारे इंजिन १९७२ मध्ये सर्वांत आधी सिद्ध केले ते होंडाने. मंत्रालयाचे चालले असते तर ही कंपनी मोटारीच्या धंद्यात आलीच नसती. १९८० मध्ये जपानने मोटार उत्पादनात अमेरिकेला मागे टाकले. त्या वेळी जपानमध्ये टोयोटा, निस्सान, होंडा, माझदा, मित्सुबिशी, सुबारू, सुझुकी, डायहात्सू, इसुझू अशा कंपन्या घरच्याच बाजारात एकमेकींशी अटीतटीने लढत होत्या.

एखादा देश एखाद्या उद्योगात जगात पुढे का येतो, या प्रश्नाची उत्तरे आपल्याकडे ठरलेली असतात: स्वस्त मजूर, कच्चा माल, सरकारचा पाठिंबा, हुशार माणसे. यांतले काहीच खोटे नाही. पण या गोष्टी असूनही मागे पडलेले आणि नसूनही पुढे गेलेले देश इतके आहेत की, दुसरे काहीतरी शोधावेच लागते. हार्वर्डचे मायकेल पोर्टर यांनी दहा देशांतल्या उद्योगांचा अभ्यास करून १९९०च्या सुमारास जे निष्कर्ष मांडले, त्यातला एक मला अजूनही सर्वांत मोलाचा वाटतो: देशात एकमेकांना जड जाणारे प्रतिस्पर्धी असणे आणि तो उद्योग जगात यशस्वी होणे, यांचा फार जवळचा संबंध आहे. माझे म्हणणे याच्या एक पाऊल पुढचे आहे. जागतिक स्पर्धेचे कारण सांगून घरच्या कंपन्या एकत्र करून एक 'राष्ट्रीय महाकंपनी' उभी करण्याचा जो मोह सरकारांना वरचेवर होतो, तो त्या उद्योगाच्या मुळावर येतो.

जपानच्या मंत्रालयाला जे साधले नाही, ते ब्रिटनमध्ये घडले. १९६८ मध्ये सरकारच्या प्रोत्साहनाने ब्रिटिश लेलँड स्थापन झाली. ऑस्टिन, मॉरिस, एमजी, ट्रायम्फ, रोव्हर, जॅग्वार, म्हणजे एकेकाळी एकमेकांचे ग्राहक पळवणारी नावे, एका छत्राखाली आली. देशांतर्गत बाजाराचा चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या कंपनीकडे होता. पण सात वर्षांत, १९७५ मध्ये, सरकारला ती वाचवण्यासाठी ताब्यात घ्यावी लागली. दर्जाच्या तक्रारी, संप, एकाच गटातल्या गाड्यांची आपसात खेचाखेच, कारणे पुष्कळ होती. पण ज्या व्यवस्थापकाला रोज सकाळी शेजारच्या गावातल्या प्रतिस्पर्ध्याची भीती वाटायची, त्याला आता मुख्यालयातल्या बैठकीची भीती वाटू लागली, हे मला त्यातले मुख्य कारण वाटते. पुढे १९७९ मध्ये याच कंपनीने होंडाशी करार केला आणि होंडाच्याच आराखड्यावर ट्रायम्फ अ‍ॅक्लेम ही गाडी बनवली. तिचा मुख्य वारस, एमजी रोव्हर, २००५ मध्ये कोसळला.

कौशल्य असले की सगळे होते, असे मानणाऱ्यांनी झ्विकाऊ या जर्मन शहराची गोष्ट जरूर पाहावी. ऑगस्ट हॉर्श यांनी हॉर्श आणि ऑडी या दोन्ही कंपन्या इथेच नावारूपाला आणल्या. १९३०च्या दशकात ऑटो युनियनच्या शर्यतीच्या मोटारी इथेच तयार होत. युद्धानंतर हे शहर पूर्व जर्मनीत गेले आणि ऑटो युनियनची पश्चिम जर्मनीत नव्याने उभारणी झाली. तिचे घर इंगोलस्टाट, आणि आजची ऑडी त्यातूनच आली. झ्विकाऊत मात्र ट्राबांट ही गाडी निघू लागली. १९६४ मध्ये आलेले ६०१ हे मॉडेल १९९० पर्यंत जवळपास जसेच्या तसे निघत राहिले. सव्वीस अश्वशक्तीचे धूर ओकणारे टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोल किती उरले आहे हे दाखवणारा काटासुद्धा बहुतेक गाड्यांत नव्हता. बॉनेट उघडून टाकीत पट्टी बुडवून पाहावे लागे. अशा गाडीसाठीही लोक दहा-दहा वर्षे आणि त्याहून अधिक थांबत.

इथले इंजिनिअर अडाणी नव्हते. त्यांनी १९६०च्या दशकातच पी-६०३ नावाची नवी, मागे उघडणारा दरवाजा असलेली आधुनिक गाडी तयार केली होती. १९६८ मध्ये वरून आदेश आला आणि ते काम थांबले. ज्या देशात गाडीसाठी दहा वर्षांची रांग आहे, तिथे चांगल्या गाडीवर पैसा कोण घालणार? ऑडीच्या इंजिनिअरनी असाच आळस केला असता तर त्यांचे गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीजच्या दुकानात दिसले असते. परंपरा एक, भाषा एक, हातातले कसबही एकाच मुशीतले. पश्चिमेकडे चुरस होती आणि पूर्वेकडे ती उखडून टाकलेली होती, हा फरक वीस-पंचवीस वर्षांत एवढा मोठा झाला.

आता कोणी म्हणेल की स्पर्धा हवी हे मान्य, पण ती परदेशी कंपन्यांशीही असू शकते की. घरचाच प्रतिस्पर्धी कशाला हवा? इथे मानवी स्वभाव आडवा येतो. परदेशी कंपनी जिंकली तर सबबी तयारच असतात: त्यांच्याकडे मजूर स्वस्त, त्यांना सरकार पैसे देते, त्यांचे चलन पाडलेले. कंपनीचा अध्यक्ष हे सांगतो, संचालकांना पटते, मंत्र्यांनाही पटते आणि आयात शुल्क वाढते. पण त्याच देशात, तेवढेच पगार देऊन, तेच कर भरून, त्याच बंदरातून माल पाठवून शेजारची कंपनी पुढे गेली, तर सांगायला तोंड उरत नाही. शिवाय घरच्या स्पर्धेत देशाने दिलेले फायदे सगळ्यांना सारखेच मिळतात, म्हणून त्यांच्यावर विसंबून कोणालाच जगता येत नाही. त्यापलीकडचे काहीतरी शोधावे लागते, आणि जगात तेच उपयोगी पडते.

इटलीतल्या सासुओलोच्या फरशीवाल्यांनी हे कसे केले ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. मोदेना शहराजवळच्या या छोट्याशा भागात सिरॅमिक टाइल बनवणाऱ्या शेकडो कंपन्या दाटीवाटीने उभ्या राहिल्या. सुरुवातीला त्यांच्याकडे फारसे काही नव्हते. पांढरी माती बाहेरून आणावी लागे, भट्ट्या आणि यंत्रे परदेशी असत. आसपासची लाल माती वापरता यावी म्हणून त्यांनी आणि स्थानिक यंत्रवाल्यांनी मिळून खटपट केली. १९७३ नंतर इंधन महागले, मजुरी आधीच चढलेली होती. तेव्हा फरशी दोनदा भाजण्याऐवजी एकदाच आणि झटपट भाजण्याची पद्धत निघाली. पूर्वी सोळा ते वीस तास घेणारे काम तासाच्या आत होऊ लागले. एकाने नवी नक्षी काढली की काही आठवड्यांत ती दुसऱ्याच्या कारखान्यातही दिसे, कारण कारागीर, यंत्र दुरुस्त करणारे, माती पुरवणारे सगळे एकाच परिसरात राहत आणि भेटत. आपली कल्पना फार काळ आपली राहणार नाही हे प्रत्येकाला ठाऊक होते, म्हणून थांबायची सोय नव्हती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जगातल्या टाइल निर्यातीचा निम्म्याहून मोठा वाटा इटलीचा होता, आणि फरशीबरोबर फरशी बनवणारी यंत्रेही जगभर जाऊ लागली होती. एकच बडी कंपनी असती तर तिने यंत्रवाल्यांना बाहेर विकू दिले असते का, याची मला मोठी शंका आहे.

संरक्षणाचा प्रश्नही याच कसोटीवर पाहायला हवा. परदेशी मालाला सीमेवर अडवले की उद्योग आळशी होतो, असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. सीमेच्या आत काय चालले आहे, यावर ते ठरते. भारतातलीच दोन उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवा. मोटारींच्या बाबतीत आयातही बंद आणि परवाने दोन-तीन कंपन्यांनाच. १९५०च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली अ‍ॅम्बेसेडर बाहेरून फारशी न बदलता २०१४ पर्यंत निघत राहिली. औषधांच्या बाबतीत १९७०च्या पेटंट कायद्याने औषधावरचे उत्पादन-पेटंट, म्हणजे ते औषध बनवण्याचा एकट्याचा हक्क, काढून टाकले आणि फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेवरचे ठेवले. हेही संरक्षणच होते. पण त्याचा लाभ एका-दोघांना न मिळता जो उतरेल त्याला मिळाला. तेच औषध अधिक स्वस्त मार्गाने कोण बनवतो, यावर शेकडो कंपन्या रात्रंदिवस डोके चालवू लागल्या. २००१ मध्ये सिप्लाने एड्सवरची तीन औषधांची वर्षभराची मात्रा ३५० डॉलरला देऊ केली. पाश्चात्त्य कंपन्यांची किंमत तेव्हा दहा हजार डॉलरच्या घरात होती. आफ्रिकेतल्या असंख्य रुग्णांचे प्राण ज्या स्वस्त औषधांनी वाचवले, ती या चुरशीतून आली. स्पर्धा म्हणजे निव्वळ नफेखोरी, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे असे मला कळकळीने वाटते.

माझ्या मताला सर्वांत अवघड जाणारे उदाहरण घड्याळांचे आहे, म्हणून ते टाळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९३४ पासून घड्याळ उद्योग सरकारमान्य साटेलोट्यावर चालत होता. नवा कारखाना काढायचा किंवा असलेला वाढवायचा तर परवाना लागे. सुटे भाग आणि यंत्रे देशाबाहेर पाठवण्यावर बंधने होती. हे मंदीच्या काळात छोट्या कारागिरांना जगवण्यासाठी केले होते आणि हेतू चांगलाच होता. १९६०च्या दशकात ही बंधने सैल होऊ लागली, पण तीस वर्षांची सवय तेवढ्याने जात नाही. १९६२ मध्ये न्यूशॅटेल इथे वीस-एक कंपन्यांनी मिळून इलेक्ट्रॉनिक घड्याळांची संयुक्त प्रयोगशाळा काढली. तिने क्वार्ट्‌झवर, म्हणजे स्फटिकाच्या कंपनांवर, चालणाऱ्या मनगटी घड्याळाचा नमुना १९६७ मध्येच तयार केला. म्हणजे ज्ञान त्यांच्याकडे होते, तेही वेळेवर.

जपानमध्ये मात्र सेइको या एकाच समूहाने आपले दोन कारखाने, सुवा सेइकोशा आणि दाइनी सेइकोशा, एकमेकांशी चढाओढ करतील अशा रीतीने चालवले होते. दोघांचे आराखडे वेगळे आणि संशोधनही वेगळे. १९६४ पासून दोघांनी न्यूशॅटेलच्या वेधशाळेतल्या अचूकतेच्या स्पर्धेत घड्याळे पाठवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी ती फार खाली राहिली. तीन-चार वर्षांत दोन्ही कारखाने वरच्या स्थानांवर आले. २५ डिसेंबर १९६९ रोजी सुवाने बनवलेले अ‍ॅस्ट्रॉन हे जगातले पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ टोकियोत विक्रीला आले. स्विस कंपन्यांचे सामायिक यंत्र बसवलेली घड्याळे १९७० मध्ये आली. ती सर्वांची होती, त्यामुळे त्यांच्यामागे जिवाच्या आकांताने धावणारे कोणीच नव्हते. १९७० मध्ये स्विस घड्याळ उद्योगात ९० हजारांच्या आसपास लोक काम करत होते. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यातले एक तृतीयांशच्या थोडे वर उरले.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण अवघड आहे. स्विस उद्योग सावरला तो १९८३ मध्ये दोन बुडते समूह एकत्र करून. निकोलस हायेक यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या विलीनीकरणामागोमाग स्वॉच हे स्वस्त प्लास्टिकचे घड्याळ जगभर गेले. मग विलीनीकरण वाईट कसे? माझे उत्तर असे की, हे विलीनीकरण झाले तेव्हा परदेशी घड्याळांनी बाजार खुला करून टाकला होता, जुनी संगनमताची चौकट मोडलेली होती आणि रोलेक्ससारखे समर्थ प्रतिस्पर्धी घरात होतेच. बुडत्या कंपन्या वाचवण्यासाठी एकत्र येणे वेगळे आणि चालत्या कंपन्यांना स्पर्धेपासून सुटका मिळावी म्हणून एकत्र आणणे वेगळे. पुढे हाच समूह घड्याळांच्या आतल्या यंत्राचा इतका मोठा पुरवठादार झाला की, त्याने कोणाला किती यंत्रे द्यावीत यात स्विस स्पर्धा आयोगाला लक्ष घालावे लागले. विलीनीकरणातून निघालेली ताकद वीस वर्षांनी घरच्याच लहान कंपन्यांच्या गळ्याशी आली होती.

विमानांचे गणित निराळे, हे मान्य करायलाच हवे. मोठे प्रवासी विमान बनवायला इतका पैसा लागतो की जगात दोन-तीन कंपन्यांहून अधिक टिकतच नाहीत. १९७० मध्ये एअरबस उभी राहिली ती युरोपीय कंपन्यांनी एकत्र येऊन, सरकारांच्या मोठ्या आधारावर. वेगवेगळ्या राहिल्या असत्या तर त्या बोइंगपुढे एकेक करून संपल्या असत्या. अशा धंद्यात सारे जग हाच घरचा बाजार असतो, आणि तिथे चुरस टिकवायची म्हणजे सीमा उघड्या ठेवायच्या. अडचण एवढीच आहे की, प्रत्येक उद्योगपती आपला धंदा विमानांसारखाच असल्याचे मंत्र्यांना सांगतो. सिमेंट, दूरसंचार, बँका, सगळीकडे हा दाखला पुढे केला जातो. बहुतेक ठिकाणी तो लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक ताजा आहे: स्पर्धा अती झाली तर? चीनच्या विजेवरच्या गाड्यांकडे बोट दाखवले जाते. २०१९ मध्ये टेस्लाचा पूर्ण मालकीचा कारखाना शांघायमध्ये सुरू झाला, बीवायडी, जीली, शाओपेंग, नीओ आणि इतर कित्येक कंपन्या एकमेकींवर तुटून पडल्या, आणि २०२३ मध्ये चीन जपानला मागे टाकून मोटारींचा सर्वांत मोठा निर्यातदार बनला. त्याच वर्षापासून किमती पाडण्याची अशी लढाई पेटली की कंपन्यांचा नफा आटला आणि पुरवठादारांची बिले महिनोन्‌महिने थकू लागली. जून २०२५ मध्ये बड्या कंपन्यांना साठ दिवसांत पैसे देण्याची जाहीर हमी द्यावी लागली. हे दुखणे खरे आहे. पण त्याचे मूळ माझ्या मते चुरशीत नाही. प्रत्येक प्रांताचे सरकार आपापली हरलेली कंपनी जमिनी आणि कर्जे देऊन जगवत राहते, त्यामुळे हरणाऱ्याला बाहेर पडता येत नाही आणि तो तोट्यात विकत राहतो. ज्या शर्यतीत कोणीच हरू शकत नाही, तिची किंमत शेवटी सुटे भाग पुरवणारा छोटा कारखानदार आणि त्याचा कामगार मोजतात.

हरणाऱ्या कंपनीला बुडू द्यावे, हे लिहायला सोपे आहे. त्या कंपनीत वीस वर्षे घालवलेल्या माणसाला ते सांगणे सोपे नाही. म्हणूनच मला वाटते की स्पर्धेच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच बेकारी भत्ता, पुनर्प्रशिक्षण, निवृत्तिवेतनाची हमी यांच्या बाजूने सर्वांत मोठ्याने बोलले पाहिजे. माणूस सुरक्षित असेल तर कंपनी बुडू देता येते. माणूस वाऱ्यावर असेल तर प्रत्येक सरकार कंपनीच वाचवायला धावेल, आणि तेही लोकांच्याच दबावाखाली.

२०१९ मध्ये युरोपात हा सगळा वाद ऐरणीवर आला होता. जर्मनीची सिमेन्स आणि फ्रान्सची अल्स्टॉम यांना आपले रेल्वेचे व्यवसाय एकत्र करायचे होते. कारण सांगितले होते रेल्वेगाड्या बनवणाऱ्या चीनच्या सीआरआरसी या अवाढव्य कंपनीचे. बर्लिन आणि पॅरिस दोन्ही सरकारे पाठीशी होती. युरोपीय आयोगाच्या स्पर्धा आयुक्त मार्ग्रेट वेस्टेयर यांनी ६ फेब्रुवारीला परवानगी नाकारली. सिग्नल यंत्रणा आणि अतिवेगवान गाड्या या दोन्हींत ग्राहकांना पर्याय उरणार नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. त्यांच्यावर टीकेची झोड उठली; ही बाई जुने नियम घेऊन बसली आहे आणि चीन युरोपला गिळणार आहे, असा सूर होता.

त्या गदारोळात एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. चीनची ही कंपनी २०१५ मध्ये दोन सरकारी कंपन्या जोडून बनली होती. त्या दोन कंपन्याही आधी एकच होत्या, आणि २०००च्या सुमारास चीन सरकारनेच त्यांना वेगळे केले होते, आपसात स्पर्धा व्हावी म्हणून. दोघींनी वेगवेगळ्या परदेशी कंपन्यांकडून तंत्रज्ञान घेतले, एकाच रेल्वे मंत्रालयाच्या कंत्राटांसाठी झगडल्या, आणि त्याच पंधरा वर्षांत चीनने जगातले सर्वांत लांब अतिवेगवान रेल्वेचे जाळे उभे केले. युरोपला ज्या ताकदीची भीती वाटत होती ती या वर्षांत कमावलेली होती. तिचे अनुकरण करायचे ठरवणाऱ्यांनी मात्र २०१५चे शेवटचे पान तेवढे वाचले.

परवानगी नाकारली गेल्यावर सिमेन्सने एकटीने वाटचाल केली आणि २०२२ मध्ये इजिप्तच्या सुमारे दोन हजार किलोमीटरच्या वेगवान रेल्वेचे कंत्राट आपल्या भागीदारांसह मिळवले. अल्स्टॉमने २०२१ मध्ये बॉम्बार्डियरचा रेल्वे व्यवसाय घेतला, तोही आयोगाच्या अटी मान्य करून, काही कारखाने आणि गाड्यांची मॉडेल्स विकून. तो व्यवहार तिला नंतर आर्थिकदृष्ट्या जड गेला. पण रेल्वेगाडी विकत घेणाऱ्या सरकारांसमोर आजही सिमेन्स आणि अल्स्टॉमच्या दोन वेगवेगळ्या निविदा येतात, आणि त्या दोन्ही कंपन्यांच्या इंजिनिअरना पुढची गाडी अधिक हलकी आणि कमी वीज खाणारी करावीच लागते.